अडीच हातांचं विमान, मुक्काम पोस्ट नगर

वीकएण्ड म्हटला की आपलं सगळं ठरलेलं असतं. लोणावळा, महाबळेश्वर, फारच हवा बदलायची असेल तर अलिबाग. पुण्याहून नगरला कुणी 'फिरायला' जातं का? छे! नगरला लोक लग्नाला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात. बाकीच्यांना शिर्डीला किंवा शिंगणापूरला जाताना नगर फक्त 'लागतं'. एक कटिंग मारायचा आणि पुढे सटकायचं.

पण बॉस, पुण्यापासून जेमतेम १२० किलोमीटरवरच्या या गावात सकाळी तुम्ही पॅटन रणगाड्याशेजारी उभे राहू शकता, दुपारी नेहरूंना जिथे कैदेत ठेवलं होतं तो किल्ला बघू शकता आणि संध्याकाळी टेकडीवरच्या अष्टकोनी चाँदबिबी महालात वारा खाऊ शकता. मी या यादीत आणखी एक गोष्ट घातली. दोन दिवसांत एक विमान बांधलं. प्लास्टिकचं, १२ सेंटीमीटर लांबीचं. बांधणारे दोघं, हात मिळून अडीच. दीड माझे, एक मामांचा.

कागदोपत्री २०२४ पासून हे गाव अहिल्यानगर आहे. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पण पुण्याच्या स्टॅण्डवर कंडक्टर अजून 'नगर, नगर, नगर' असंच ओरडतो आणि मामांच्या घरीही सगळे नगरच म्हणतात. तेव्हा इथेही नगरच म्हणू या.

आधी हाताचा हिशेब

माझा डावा हात जन्मापासून थोडा कमी चालतो. याला म्हणतात 'अर्ब्ज पाल्सी'. जन्माच्या वेळी बाळाचा खांदा अडकतो, मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ओढ बसते आणि खांदा, कोपर यांचं काम अर्धवट राहतं. विल्हेल्म अर्ब या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये या दुखण्याचं नेमकं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. बऱ्याच मुलांचा हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. काहींचा थोडा उरतो. माझा उरला.

म्हणजे नेमकं काय? बोटं चालतात, पकड आहे. पण कोपर पूर्ण सरळ होत नाही, हात डोक्याच्या वर जात नाही आणि तळहात आकाशाकडे वळत नाही. कीबोर्ड जमतो. लोकलमध्ये वरची कडी जमत नाही. बुफेमध्ये प्लेट धरून जेवणं हा माझ्यासाठी ॲडव्हेंचर स्पोर्ट आहे. आणि आरतीनंतर मंत्रपुष्पांजलीला सगळे ओंजळ करतात ना, ती माझी होत नाही. मी एका मुठीत फुलं घेते आणि मागच्या रांगेत उभी राहते.

याच दुखण्याचा जगातला सगळ्यात फेमस माणूस कोण, माहितेय? जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा! १८५९ चा जन्म, बाळंतपण अवघड, डावा हात कायमचा आखूड. त्याचे फोटो शोधून बघा. डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकलेला, नाहीतर त्यात हातमोजे धरलेले. मोज्यांमुळे हात लांब दिसायचा. अख्ख्या युरोपला घाम फोडणारा सम्राट फोटोत हात लपवत होता! माझ्या कॉलेजच्या ग्रुप फोटोंमध्ये ओढणी, सॅक आणि मैत्रिणीची पाठ यांनी तेच काम केलंय.

विमानांच्या मॉडेल्सचा नाद मला बाराव्या वर्षी लागला. कारण सोपं होतं. खोलीचं दार लावून करता येणारं काम, आणि कसं केलं ते कुणी बघत नाही. टेबलावर शेवटी ठेवलेल्या विमानाला किती हात लागले, हे कळत नाही.

सावेडीतला फिटर

मामा नगरच्या एमआयडीसीत फिटर. तीस वर्षं. सावेडीतल्या त्यांच्या घरात मिक्सरपासून स्कूटरपर्यंत कुठलीही वस्तू दुकानात रिपेअरला गेलेली मला आठवत नाही. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं बरंचसं परत आलं, बोलणंही, शब्द थोडे अडखळतात एवढंच. उजवा हात मात्र नाही. बोटं अर्धी मिटतात, मनगट जरासं उचलतं, बस्स. आणि मामा उजवे.

फोन मामीचा आला. "फिजिओथेरपिस्टकडे जातात, तेवढंच. बाकी घराबाहेर पडत नाहीत. बँकेत सही जुळली नाही, तर तिथे कुणी म्हणालं अंगठा लावा. तेव्हापासून बँकेचं नाव काढलं की उठून आत जातात. तू ते तुझं विमान घेऊन ये ना."

अंगठा! हजेरीपासून जॉबकार्डपर्यंत तीस वर्षं रोज सही ठोकणाऱ्या माणसाला.

तर मी सॅकमध्ये किट भरलं आणि एसटी पकडली. वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूर, रांजणगावचा गणपती, शिरूरला घोडनदी, सुपे आणि नगर. किट 'नॅट'चं होतं. बंगळूरच्या एचएएलमध्ये बनलेलं, १९६५ आणि ७१ च्या युद्धात पाकिस्तानी सेबर जेट्सना पुरून उरलेलं टिचकीएवढं लढाऊ विमान. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा सेबर चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंनी हेच विमान उडवलं होतं. हवाई दलाच्या वाट्याला आलेलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

मामांनी खोकं डाव्या हाताने उलटंपालटं केलं.

"खेळणं?"

"मॉडेल. १:७२. खरं विमान ७२ पट मोठं. माणूस सहा फुटी असेल तर यात एक इंचाचा."

त्यांनी तुकड्यांची प्लास्टिकची चौकट उजेडात धरली. कडेला आलेल्या पातळ पापुद्र्यावरून नख फिरवलं. "डाय झिजलीय," म्हणाले. "टॉलरन्स काय ठेवलाय ह्यांनी?"

पहिली पाच मिनिटं आम्ही विमानाबद्दल नाही, डायबद्दल बोललो. मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

रणगाड्यांच्या गावात

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं की मला रणगाड्यांचे रेफरन्स फोटो हवेत. मॉडेलवाल्यांची ही पद्धतच आहे. फोटोत वस्तूशेजारी फूटपट्टी धरायची, म्हणजे नंतर घरी माप काढता येतं. "मी फोन धरीन, पट्टी धरायला कुणीतरी हवं," एवढंच म्हणाले. मामा काही बोलले नाहीत. पण रिक्षा आली तेव्हा चप्पल घालून दारात उभे होते, आणि खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी डोकावत होती.

फराहबागेजवळचं 'कॅव्हलरी टँक म्युझियम' हे नगरचं नंबर वन आकर्षण. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने हे फेब्रुवारी १९९४ मध्ये उभं केलं. मोकळ्या आवारात रणगाडे आणि चिलखती गाड्या रांगेने उभ्या. सिल्व्हर घोस्ट रोल्स रॉइसवर पोलाद चढवून केलेली चिलखती गाडी आहे. (हो, रोल्स रॉइसच. लग्नाच्या वरातीत असते ती नव्हे.) ब्रिटिशांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत. दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडे आहेत, इतके बुटके की आत माणूस बसायचा कसा असा प्रश्न पडतो. पाकिस्तानचा पॅटन आहे, आपला आवडीत बनलेला विजयंता आहे.

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, कैसरच्या सैन्याविरुद्ध. हातमोजेवाला तोच तो कैसर.

आणि सेंच्युरियन! नगरमध्ये या रणगाड्याला वेगळं वजन आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १९७१ मध्ये नगरलाच यंग ऑफिसर्स कोर्स करत होते. युद्ध सुरू झालं, कोर्स अर्धवट सोडून पोरं आपापल्या रेजिमेंटला गेली. खेतरपाल पूना हॉर्सचे. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांचा सेंच्युरियन पेटला. वरून बाहेर पडायचा आदेश आला, पण तोफ चालत होती, म्हणून ते आत राहिले. वय २१. परमवीरचक्र मरणोत्तर. त्यांचा 'फामागुस्टा' नावाचा तो रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्येच जपून ठेवलेला आहे. सेखोंनंतर बरोबर दोन दिवसांनी. आपण २१ व्या वर्षी काय करत होतो, याचा विचार मी तरी फार वेळ केला नाही.

मामांना मात्र इतिहासात इंटरेस्ट नव्हता. ते चाकांकडे बघत होते. "एका बाजूला सहा," मोजून म्हणाले. "पट्ट्याची एकेक कडी पिनेने जोडलीय. पीन झिजली की पट्टा लांबतो. लांबला की उतरतो." डाव्या हाताने पट्टी एका कडीशेजारी धरली. मी फोटो काढला. पुढची कडी. फोटो. उन्हात पोलाद तापलेलं. असे चाळीसेक फोटो झाले. त्यातल्या एकात त्यांचा उजवा हात दिसतो. एरवी तो रुमालाखाली असायचा. रुमाल कधी खिशात गेला ते मी बघितलं नाही.

परत येताना रिक्षात ते अचानक म्हणाले, "तुझं बरंय. तुझा हात कधी चालतच नव्हता. माझा चालत होता."

यावर काय बोलणार? सव्वीस-सत्तावीस वर्षं मी लोकांना समजावत आलेय की मला काही 'गमावल्याचं' दुःख वगैरे नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतंच. तेच वाक्य समोरच्या बाजूने ऐकताना वेगळं लागलं. मी काहीच बोलले नाही. मामाही पुढे काही बोलले नाहीत. डीएसपी चौकात रसवंतीचे घुंगरू वाजत होते, तिथे रिक्षा थांबवून आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला. ग्लास त्यांनी डाव्या हाताने धरला, मी उजव्या.

नगरचं उडणारं इंजिन

नगर म्हणजे जमिनीवरच्या गाड्यांचं गाव, असं वाटत असेल तर थांबा. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहनांवर संशोधन करणारी संस्था नगरमध्ये आहे. आपल्याला आत जाता येत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. 'निशांत' या भारतीय लष्करी ड्रोनसाठी ५५ अश्वशक्तीचं वाँकेल इंजिन बनवण्यात या संस्थेचा वाटा होता. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ निशांत त्या इंजिनावर उडालं.

वाँकेल इंजिनाची गंमत अशी की त्यात वर-खाली होणारा पिस्टन नसतो. तिकोनी रोटर गोल गोल फिरतो. हलकं, थरथर कमी. निशांतला चाकंही नव्हती. ट्रकवरच्या गलोलीसारख्या यंत्राने त्याला हवेत सोडायचं आणि उतरवताना पॅराशूट उघडायचं. पुढे लष्करात निशांत फार टिकलं नाही. पण पायलट नसलेलं, खालून रिमोटवर चालणारं, चाकं नसलेलं विमान म्हणजे शेवटी काय? मोठ्या माणसांचं मॉडेलच की!

उलटंही खरं आहे. १:७२ हे माप घराघरात पोचलं त्यात युद्धाचा मोठा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं, हे सैनिकांना शिकवायला याच मापाची लाकडी मॉडेल्स लागायची. अमेरिकेत १९४२ मध्ये नौदलाने शाळेतल्या मुलांना ती कोरायला लावली. रणगाड्यांचं १:३५ हे माप तर निव्वळ जुगाड आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटरी आणि मोटर बसली पाहिजे, म्हणून जेवढा मोठा करावा लागला तेवढा केला. तो निघाला १:३५. पुढे सगळ्या जगाने तेच माप उचललं.

ज्वारीची पिशवी

आता मुद्द्याचं. एका हाताने मॉडेल कसं करायचं?

अडचण कुठे येते बघा. मॉडेल बनवणं म्हणजे एका हाताने वस्तू धरणं आणि दुसऱ्याने तिच्यावर काम करणं. काम करणारा हात एक पुरतो. कमी पडतो तो धरणारा. म्हणजे धरायचं काम दुसऱ्या कशाला तरी दिलं की झालं. हा माझ्या बारा-पंधरा वर्षांच्या हॉबीचा अख्खा फंडा.

मामांकडे जुना छोटा बेंच व्हाइस होता. त्यात चौकट अडकवली, जबड्यांना रबर लावलं, आणि त्यांनी डाव्या हाताने कटर चालवून तुकडे सुटे केले. टेबलावर ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी मॅट पसरली, म्हणजे काही घसरत नाही. मोबाइल रिपेअरवाले सोल्डरिंगसाठी वापरतात तो क्रोकोडाइल क्लिपवाला स्टॅण्ड मी नेला होता. बाजारात त्याला चक्क 'थर्ड हॅण्ड' म्हणतात. गोंदाची बाटली लवंडू नये म्हणून स्पंजला भोक पाडून त्यात खोचली.

विमानाचा गोल सांगाडा मात्र व्हाइसमध्ये धरता येत नाही, चिरडतो. त्यावरचा उपाय मामीचा. तिने जुन्या उशीच्या अभ्र्याची वीतभर पिशवी शिवली आणि त्यात ज्वारी भरली. सांगाडा तिच्यात दाबला की जसा ठेवाल तसा बसतो. परदेशात याच कामासाठी दाण्यांच्या किंवा वाळूच्या पिशव्या वापरतात. आपल्याकडे नगरची ज्वारी!

गोंदाची निवड सगळ्यात महत्त्वाची. फेविक्विक लावून दोन बोटांनी दाबून धरणं, हे दोन हातवाल्यांचं काम. आपल्याला हवं पातळ 'लिक्विड सिमेंट'. दोन्ही तुकडे आधी कोरडेच जोडायचे, रबरबँड किंवा मास्किंग टेपने बांधायचे आणि फटीला फक्त ब्रशचं टोक टेकवायचं. केशाकर्षणाने गोंद स्वतःच फटीत पळतो, प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतो आणि तुकडे एकजीव होतात. धरून बसायची गरजच नाही. फक्त खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो.

मामा डाव्या हाताने काम करत होते. टेप फाडताना कागद सरकायला लागला, तेव्हा त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून कागदावर ठेवला. "पेपरवेट," म्हणाले. मग दोन तास तो हात पेपरवेट होता.

घरी आलेल्या फिजिओथेरपिस्टताईंनी हे बघितलं आणि म्हणाल्या, हेच करा, रोज करा. त्यामागे शास्त्र आहे. झटक्यानंतर दुबळा हात वापरला की अपयश येतं, म्हणून माणूस तो वापरणंच सोडतो, आणि मग तो जेवढा चालू शकला असता तेवढाही चालत नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने यावर एक थेरपी काढली. चांगल्या हाताला मोजा घालून बांधून ठेवायचं आणि दुबळ्याकडून तासन् तास काम करून घ्यायचं. २००६ मध्ये तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि फायदा दिसला. पण अट अशी की मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असली पाहिजेत, आणि हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं. मामांच्या बाबतीत तेवढं करायचं की नाही, ते ताई ठरवतील. तोवर पेपरवेट.

मधे एक किस्सा. मागच्या चाकाचा तीन मिलिमीटरचा तुकडा चिमट्यातून टुणकन उडाला. आम्ही दोघं टॉर्च घेऊन फरशीवर. अर्ध्या तासाने मामीने केरसुणी फिरवली आणि सुपलीतून तुकडा काढून दिला. मॉडेलिंगच्या कुठल्याही पुस्तकात ही ट्रिक नाही.

रंग दिला, वाळला, मग आल्या खुणा. याला 'डिकल्स' म्हणतात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवायच्या, ब्रशने कागदावरून विमानावर सरकवायच्या. पंखांवरचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र मामांनी सरकवलं. उजवं बरोबर बसलं. डावं किंचित तिरकं. मी म्हटलं, ओलं आहे तोवर हलवता येईल. "राहू दे," म्हणाले. "माझं आहे ते कळेल."

किल्ला, तोफ आणि टेकडी

रंग वाळायला चार-पाच तास लागतात. तेवढ्यात नगर बघून होतं. (बघा, प्लॅनिंग!)

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २२ बुरूज, भोवती रुंद खंदक. ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो'च्या वेळी नेहरू, पटेल, मौलाना आझाद असे काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले गेले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच १९४४ मध्ये पाच महिन्यांत लिहिलं. आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथलीच. मनमोकळी, चहाबद्दलसुद्धा लिहिलेली. पाठवायची सोय नव्हती, तरी लिहीत राहिले. त्या खोल्या बघता येतात.

निजामशाहीच्या या राजधानीत १५४९ साली रूमी खानाने 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन. म्हणजे एका सेंच्युरियनएवढं! ती आता विजापूरच्या बुरुजावर आहे, पण जन्म नगरचा. हे ऐकून मामांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "नगरला फौंड्री तेव्हापासून आहे म्हण की."

संध्याकाळी पाथर्डी रस्त्याने चाँदबिबी महाल. नाव चाँदबिबीचं, पण कबर निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची. तीन मजली, आठ बाजूंची साधी दगडी इमारत. वर जिने अरुंद आहेत. मामा खालीच कट्ट्यावर बसले. मी वर गेले. डावीकडे कठडा नव्हता, उजवीकडे होता, त्यामुळे चढताना निवांत, उतरताना बोंब. उतरताना उलटी उतरले, तोंड भिंतीकडे करून. खालून मामा ओरडले, "हां, अशीच ये!" आजूबाजूची चार माणसं बघायला लागली. बघू देत.

नंतर

विमान मामांच्या शोकेसमध्ये आहे, तिरकं चक्र पुढच्या बाजूला. मागच्या आठवड्यात मामीचा फोन आला. मामा बँकेत जाऊन आले. नवीन सहीचा नमुना देता येतो, त्याचा फॉर्म आणलाय. सही डाव्या हाताने करतायत. अडचण एवढीच की तीन सह्या एकसारख्या यायला हव्यात आणि त्या अजून येत नाहीत. जुन्या डायरीत रोज पानभर काढतात. फॉर्म फ्रिजवर ठेवलाय, ज्वारीच्या पिशवीखाली.

फोन ठेवायच्या आधी मामांनी विचारलं, "सेंच्युरियनचं किट किती तुकड्यांचं असतं?" तोफेसकट २८ सेंटीमीटर लांब, पट्ट्याची प्रत्येक कडी सुटी. म्हटलं, काही शे. "टॉलरन्स?" म्हणाले.

जाताय?

● पुणे–नगर एसटी दिवसभर असतात. गाडीने तीन तास धरा, वाघोली पार करेपर्यंत धीर धरा.
● टँक म्युझियम आणि किल्ला, दोन्ही ठिकाणी लष्कराचा कारभार. ओळखपत्र जवळ ठेवा, वेळ आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात सकाळीच जा, पोलाद चटके देतं.
● चाँदबिबी महालाला स्वतःची गाडी किंवा रिक्षा बरी. पाणी घेऊन जा.
● पहिलं मॉडेल करणार असाल तर १:७२ चं, कमी तुकड्यांचं घ्या. गोंद न लागणारी, दाबून बसवायची 'स्नॅप' किट्सही मिळतात. एका हाताला ती सोपी वाटतात, पण दाबायला जोर लागतो. पातळ गोंदवालीच बरी.
● लागणारं सामान: कटर, चिमटा, बारीक पॉलिश पेपर, मास्किंग टेप, कपड्यांचे चिमटे, रबरी मॅट. आणि अर्धा किलो ज्वारी.